‘नॉर्मल की सिझर?’ हा प्रश्न आता बंद करा

गेल्या महिन्यात माझी भाची बाळंत झाली. धाकट्या बहिणीची थोरली मुलगी. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी, इथे सोलापुरात आली होती. मुलगी झाली. दोन किलो आठशे ग्रॅम, डोक्यावर भरपूर जावळ. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तशीच दवाखान्यात गेले, तर त्या लहानशा खोलीत आधीच पाच बायका होत्या आणि खुर्ची एकच. भाची उताणी पडलेली, हाताला सलाईन, पलंगाच्या कडेला लघवीची पिशवी लटकलेली. ओठ कोरडे पडले होते. पाणी कुणी विचारलं नव्हतं, कारण सगळ्या जणी बाळाचं नाक कुणावर गेलंय हे ठरवण्यात गुंतल्या होत्या.

मी तिथे दीड तास होते. तेवढ्यात आणखी सात-आठ जणी येऊन गेल्या. दारातून आत पाऊल टाकताच प्रत्येकीचा पहिला प्रश्न तोच: “नॉर्मल हुई क्या सीझर?” मुलगा की मुलगी हे त्यांना फोनवर कळलेलं होतं, त्यामुळे विचारायला तेवढंच उरलं होतं. बहीण खालच्या आवाजात “सीझर” म्हणायची, जणू मुलीचा दहावीचा निकाल सांगतेय आणि ती गणितात राहिली आहे. मग समोरून “हाय अल्ला, पेट चिरना पड़ा?” आणि त्यानंतर एक लांब सुस्कारा. एक वयस्कर बाई तर पलंगाशेजारी बसून, भाचीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “आजकल की छोकरियाँ दर्द सहतेच नै. हमकू सात हुए, सब घरमेच.”

आता ऐका. या ‘न सहणाऱ्या’ मुलीला आदल्या रात्री दहाला कळा सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत, म्हणजे चौदा तास, ती त्या सोसत होती. पाणी गेलं ते हिरवट होतं, म्हणजे बाळाने पोटातच शी केली होती. बाळाच्या हृदयाचे ठोके प्रत्येक कळेबरोबर खाली जायला लागले आणि लवकर वर येईनात. मग अर्ध्या तासाच्या आत तिला ऑपरेशनला घेतलं. चौदा तासांच्या कळा तिने सोसल्या आणि वर पोटही चिरून घेतलं. दोन्ही बाजूंचा हिशेब तिने चुकता केला, तरी पावतीवर लिहिलं गेलं ‘सोसलं नाही’.

मी मराठी आणि उर्दू शिकवते, त्यामुळे शब्दांवर माझा जीव जरा जास्त आहे. मराठीत बाई ‘बाळंत होते’. कशी झाली हे तो शब्द विचारत नाही. ‘बाळंतीण’ या शब्दाचे दोन प्रकार नाहीत. उर्दूतही ‘ज़च्चा’ म्हणजे ज़च्चा, बस. दोन्ही भाषांनी बाईला एकच नाव दिलं होतं आणि ते पुरेसं होतं. मग दवाखान्यातून ‘नॉर्मल’ आला आणि त्याच्यासोबत, कुणी न बोलता, ‘अबनॉर्मल’ही घरात शिरला. वाक्याची रचनासुद्धा बघा. ‘ती बाळंत झाली’ यात ती कर्ता आहे. ‘तिचं सिझर झालं’ यात ती षष्ठी विभक्तीत गेली, मालकी दाखवण्यापुरती उरली. मी आठवीच्या मुलींना व्याकरण शिकवताना हे उदाहरण देऊ शकत नाही, पण दरवेळी मनात येतं.

शब्दाची गोष्ट निघालीच आहे तर हेही सांगते. सिझेरियन हे नाव ज्यूलियस सीझरवरून पडलं, तो असाच पोट चिरून जन्मला, असं लोक सांगतात. ते बहुधा खरं नाही. त्या काळी हे ऑपरेशन मेलेल्या किंवा मरू घातलेल्या बाईवरच व्हायचं, आणि सीझरची आई मुलगा मोठा होऊन लढाया जिंकेपर्यंत जिवंत होती. पण नाव त्याचंच राहिलं. पोट बाईचं, नाव सरदाराचं.

या ऑपरेशनमध्ये काय होतं ते विचारणाऱ्या बायकांना, आणि न विचारणाऱ्या पुरुषांना, एकदा सरळ सांगायला हवं. पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. ओटीपोटावर आडवा छेद घेतात. आधी त्वचा, मग चरबी, मग स्नायूंवरचं जाड आवरण कापतात. स्नायू मधून बाजूला सारतात. मग पोटाच्या आतलं पातळ आवरण, आणि शेवटी गर्भाशय. बाळ काही मिनिटांत बाहेर येतं, पण पुढचा अर्धा-पाऊण तास सगळं थरावर थर शिवण्यात जातो. बाई बहुतेक वेळा जागी असते. आत कुणीतरी काहीतरी ओढतंय हे तिला कळत असतं, दुखत नाही एवढंच. वरची जखम दहा-बारा दिवसांत भरल्यासारखी दिसते आणि तिथेच घरच्यांची फसगत होते. आतली शिवण पक्की व्हायला सहा आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. टाक्यांच्या आसपासची बधिरता तर महिनोन्‌महिने राहते.

आता माझ्या बहिणीच्याच घरातली दुसरी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी माझ्या मेव्हण्यांचं, म्हणजे भाचीच्या वडिलांचं, हर्नियाचं ऑपरेशन झालं. छेद भाचीच्या छेदाहून लहान. दोन महिने त्यांना कुणी पाण्याची बादली उचलू दिली नाही. जेवण पलंगावर. भेटायला येणारे दारातूनच विचारायचे, “अब कैसा लगता?” कुणीही विचारलं नाही की भाई, हर्निया नॉर्मल झाला की कसा? आजही घरात जड काही उचलायची वेळ आली की बहीणच पुढे होते, कारण ‘उनका ऑपरेशन हुआ है’. त्या ऑपरेशननंतर त्यांना रात्री दर दोन तासांनी उठून कुणाला दूध पाजायचं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

भाचीला चौथ्या दिवशी घरी आणलं. सातव्या दिवशी अकीका. मुलगी म्हणून एक बकरा, दीडशे माणसांचं जेवण, दालचा-खाना. मी बहिणीला म्हटलं होतं, चौदाव्याला कर, एकविसाव्याला कर, उलेमाही त्याला हरकत घेत नाहीत. पण मांडववाल्याला सांगून झालं होतं. जरीचे कपडे घालून ती मुलगी सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत भिंतीला टेकून बसली होती. बसलं की पोटाची घडी बरोबर टाक्यांवर येते, हे ज्याला टाके पडलेत त्यालाच ठाऊक. त्या दिवशी दीडशेतल्या निदान चाळीस बायकांनी तिला तो प्रश्न विचारला. संध्याकाळपर्यंत ती स्वतःच आधी सांगायला लागली होती, “सीझर हुआ खाला, माफ करना.” ‘माफ करना’ हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले.

सोलापूरच्या वाचकांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते: आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं. त्या दिवशी घरातल्या प्रत्येक भांड्यात, पिंपात, घागरीत पाणी भरून ठेवायचं असतं. अकराव्या दिवशी पहाटे पाणी आलं. बहीण एकटी होती, मेव्हण्यांचं तुम्हाला सांगितलंच आहे. भाची उठली आणि तिने भरलेल्या कळशा उचलायला सुरुवात केली. किती उचलल्या ते अजूनही सांगत नाही. तिला कुणीही सांगितलं नव्हतं. बहिणीने पाहिलं तेव्हा ओरडून थांबवलं. मी नंतर तिला विचारलं, का उचललीस? तर म्हणाली, “खाला, सब बोलते थे ना, इसने तो कुछ कियाच नै. ऐसेच पड़ी है.”

तेराव्या दिवशी ताप आला. जखमेच्या एका टोकाला पू झाला होता आणि दोन बोटं रुंद जागा उघडली होती. पुन्हा दवाखाना, चार दिवस. बाळ दुधासाठी तिच्याजवळच ठेवावं लागलं आणि आम्ही पाळीपाळीने तिथे बसलो. जखम कशी चिघळली याचं एकच कारण सांगता येत नाही, डॉक्टरही सांगत नाहीत. पण ती कळशी तिने का उचलली, याचं कारण मला ठाऊक आहे. तो प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकीने त्या कळशीला थोडाथोडा हात लावला आहे.

आणि त्यांत मीही आले. माझा मुलगा २०११ साली जन्मला. पायाळू होता, शेवटपर्यंत वळला नाही, म्हणून ऑपरेशन आधीच ठरलं होतं. मला कळाही आल्या नाहीत. घरी सगळ्यांना ठाऊक होतं, पण सहा महिन्यांची रजा संपवून शाळेत परत गेले तेव्हा स्टाफरूममध्ये एकीने विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “नॉर्मल.” का निघालं? मला कुणाचं भय नव्हतं. पगार माझा होता, बी.एड. झालेलं होतं, नवरा काही बोलणारा नव्हता. तरीही. ते खोटं मी सात-आठ वर्षं सांभाळलं. तिथल्याच एका तरुण शिक्षिकेचं पुढे सिझर झालं, तेव्हा तिला भेटायला जाणाऱ्यांत मी होते, आणि मीही तिला विचारलं होतं, “नॉर्मल ना?” तिचा चेहरा उतरला. मी पाहिलं, आणि डब्यातून नेलेले डिंकाचे लाडू पुढे केले. एवढंच केलं.

(पायाळू माणसाची लाथ कमरेत बसली की चमक जाते असं आपल्याकडे म्हणतात. आमच्या गल्लीतल्या एका आजींनी माझ्या मुलाबाबत निर्वाळा दिला की सिझरच्या पायाळूची लाथ लागू पडत नाही. म्हणजे पोराचंही सर्टिफिकेट रद्द.)

आता समोरून जे म्हटलं जाईल ते मला माहीत आहे. पहिलं, “आमच्या आया-नान्यांनी घरातच केलं, त्यांना कुठे लागलं सिझर?” माझ्या नानीची सख्खी बहीण पहिल्याच बाळंतपणात गेली. मूल आडवं आलं होतं. तीन दिवस सुईण प्रयत्न करत राहिली. दोघंही एकाच कफनात गेले, असं नानी सांगायची. ज्या वाचल्या त्यांनीच आपल्याला गोष्टी सांगितल्या, ज्या गेल्या त्या सांगायला आल्या नाहीत. १९९० च्या आसपास भारतात एक लाख जिवंत जन्मांमागे साडेपाचशेच्या घरात माता मरत होत्या. २०१८-२० मध्ये तो आकडा ९७ वर आला, आणि महाराष्ट्रात ३३ वर. हे एकट्या सिझरमुळे झालं नाही. रक्त, औषधं, नर्स, गाडी, आशाताई, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण वेळेवर मिळालेलं ऑपरेशन त्या वाट्यात आहे. माझ्या भाचीला १९५५ साली कळा सुरू झाल्या असत्या, तर आज आम्ही कुणाच्या नाकाची चर्चा केली असती?

दुसरी हरकत जास्त खरी आहे आणि ती मी टाळणार नाही. “डॉक्टर पैशासाठी कापतात.” हो, कापतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या २१.५ टक्के बाळंतपणांत सिझर झालं होतं. सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के, खासगीत ४७.४ टक्के. जवळपास दर दोन बायकांमागे एक. तेलंगणात तर सगळे दवाखाने मिळून ६०.७ टक्के. गुंतागुंत झालेल्या बाया शेवटी सिव्हिललाच पाठवल्या जातात हे आपण सगळे बघतो, मग खासगीतच एवढी पोटं का चिरावी लागतात? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली स्पष्ट सांगितलं की एखाद्या समाजात सिझरचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेल्यावर त्यामुळे आई-बाळांचे मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. त्याच निवेदनात हेही आहे की आकडा गाठण्याच्या मागे लागू नका, ज्या बाईला गरज आहे तिला ते मिळालंच पाहिजे. २०१९-२१ च्या त्याच फेरीत बिहारमध्ये हेच प्रमाण दहा टक्क्यांच्या आत होतं, आणि ते काही तिथल्या बायका बळकट आहेत म्हणून नाही.

तेव्हा राग असेल तर तो जाऊन योग्य दारात काढा. प्रत्येक खासगी दवाखान्याने वर्षात किती बाळंतपणं केली आणि त्यांतली किती सिझर, हे दरपत्रकाशेजारी फळ्यावर लिहावं, असा आग्रह धरा. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना विचारा: कारण काय, थांबलं तर काय होईल, किती थांबता येईल. तारीख-मुहूर्त बघून सिझर मागणाऱ्या घरांनाही बोला, ती आहेत. पण आपण काय करतो? डॉक्टरांपुढे हात जोडतो, बिल भरतो, पेढे देतो, आणि घरी येऊन त्या मुलीला टोमणा मारतो. चोरी झाली तर ज्याच्या घरी झाली त्यालाच चौकीत बसवण्यासारखं हे आहे. टेबलावर बधिर होऊन पडलेल्या बाईला विचारून तो टक्का वाढलेला नाही.

सरकारला हा फरक कळतो, हे मला गमतीचं वाटतं. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात नॉर्मल झालेल्या बाईला तीन दिवसांपर्यंत मोफत जेवण आहे आणि सिझर झालेल्या बाईला सात दिवसांपर्यंत. कागदावर का होईना, दिल्लीतल्या कुणा बाबूने मान्य केलं की पोट चिरलेल्या बाईला चार दिवस जास्त लागतात. आमच्या घरांनी अजून मान्य केलेलं नाही.

घरांनी काय मान्य करायचं ते सांगते. दुखण्याची गोळी द्या. ‘औषध दुधात उतरेल’ म्हणून माझी गोळी माझ्या सासूबाईंनी उशाखालून उचलून ठेवली होती, प्रेमाने. मी कळवळत राहिले, आणि कळवळणारी बाई नीट बसून पाजू शकत नाही, म्हणून दूधही कमी झालं. मग ‘सिझरवालीला दूध येत नाही’ हेही माझ्याच नावावर. बाळंतिणीला सहसा देतात त्या पॅरासिटॅमॉल, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या पाजणाऱ्या आईला चालतात, म्हणूनच डॉक्टर त्या लिहून देतात. दूध सिझरनंतर एखाद-दोन दिवस उशिरा भरतं, पण पहिला पिवळा चीक असतोच, आणि तोच बाळाला आधी पाजायचा असतो. त्याऐवजी बोटावर मध घेऊन धावू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, डॉक्टर बजावून सांगतात. तहनीक करायचीच असेल तर सुन्नतमध्ये खजूर आहे, आणि तीही डॉक्टरांना विचारून.

पाणी तोडू नका. ‘बाळंतिणीने पाणी पिऊ नये, पोट सुटतं’ हा कुठला हिशेब आहे? पाणी नाही मिळालं की शौचाला खडा होतो, आणि टाके असताना जोर करणं काय असतं ते विचारू नका. आमच्या गल्लीतल्या बहुतेक घरांत बसायचा संडास आहे. चौथ्या दिवशी टाके घेऊन तिथे बसून पुन्हा उठणं ही एक स्वतंत्र शिक्षा आहे, आणि तिची चर्चा कधीच होत नाही, कारण तो विषय ‘चांगला’ नाही. मधे भोक असलेली प्लॅस्टिकची खुर्ची मेडिकलमध्ये मिळते. अकीक्याच्या मांडवात जेवढे पैसे गेले त्याच्या एका कोपऱ्यात ती आली असती. आम्ही ती दुसऱ्यांदा दवाखान्यातून आणताना घेतली.

उठताना सरळ उठायचं नाही, कुशीवर वळून हातावर जोर देऊन उठायचं. खोकला-शिंक आली की टाक्यांवर उशी दाबून धरायची. पहिल्या दिवसापासून थोडं थोडं चालायचं, नाहीतर पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो, पण चालणं वेगळं आणि कळशी वेगळी. बाळाच्या वजनाहून जड काही उचलायचं नाही. ओटीपोटावर मालिश नको, शेगडीचा शेक ओल्या जखमेवर नको, करकचून पट्टाही नको. अछवानी जरूर द्या, बाजरीची पेज द्या, त्यात काही वाईट नाही. ताप, जखमेतून पू किंवा वास, पोटरी सुजून दुखणं, रक्तस्राव एकदम वाढणं, यातलं काही झालं तर ‘नजर लागली’ म्हणत मिरच्या ओवाळत बसू नका, रिक्षा बोलवा. आणि ती सारखी रडत असेल, बाळाकडे बघत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगण्यासारखंच आहे.

दुसऱ्या मुलाची घाई करू नका. मुलगी झाली म्हणून तर मुळीच नाही. दोन बाळंतपणांच्या मधे शरीराला वेळ लागतो, शिवलेल्या गर्भाशयाला जास्तच. पुढच्या वेळी सिझरच होईल असंही नाही. कारण काय होतं आणि छेद कसा होता त्यावर ते ठरतं, आणि अनेक बायकांना, सोय असलेल्या दवाखान्यात, दुसऱ्यांदा नॉर्मल होतंही. झालं नाही तरी काही बिघडत नाही, हे तर मी एवढा वेळ सांगतेय.

आमच्या मोहल्ल्यात एकीने भाचीला आणखी एक शंका घातली होती: बाळ ‘त्या वाटेने’ आलंच नाही, तर निफास कसला? नमाज सुरू कर. बिचारी घाबरली. अगं, रक्तस्राव गर्भाशयातून होतो, तो तसाच होतो, म्हणून निफासही तोच. हनफींकडे जास्तीत जास्त चाळीस दिवस, कोकणातल्या शाफईंकडे साठ. त्या काळातली नमाज माफ आहे, नंतर फेडायचीही नाही. शरियतने बाळंतिणीला विचारलं नाही की तुझं नॉर्मल की सिझर. अल्लाहने आपला फर्ज माफ केला, आणि आपण कळशी माफ करत नाही.

सूरह मरियममध्ये बाळंतपणाचा प्रसंग आहे. मी तो कितीतरी वेळा वाचला होता, पण भाचीच्या पलंगाशेजारी बसून पुन्हा वाचला तेव्हा वेगळा दिसला. कळांनी बेजार झालेली मरियम एकटी खजुराच्या बुंध्याशी येते आणि याच्या आधीच मेले असते तर बरं, असं म्हणते. तिच्या त्या बोलण्यावर तिला कुणी रागवत नाही, सबर कर म्हणत नाही. दुःख करू नकोस, असा दिलासा मिळतो. पायथ्याशी पाणी दिलं जातं, खजूर दिले जातात. खा, पी, शांत हो. आणि कुणी माणूस दिसला तर त्याच्याशी बोलायचं नाही, आज माझा न बोलण्याचा रोजा आहे असं सांगायचं. लोक प्रश्न विचारणार, हे तिथे आधीच गृहीत धरलेलं आहे. उत्तर द्यायची जबाबदारी बाळंतिणीवर टाकलेली नाही.

जावयाबद्दल लिहायचं राहिलं. तो वाईट मुलगा नाही. यंत्रमागावर रात्रपाळी करतो. पहिले तीन आठवडे तो रविवारी यायचा, पुढच्या खोलीत चहा घ्यायचा, बाळाला मांडीवर घेऊन फोटो काढायचा आणि जायचा. त्याला आत बोलवायचं असतं हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही विचारलं नव्हतं. दुसऱ्यांदा दवाखान्यात ड्रेसिंग करताना सिस्टरने त्याला उभं केलं आणि जखम दाखवली. तो बाहेर येऊन जिन्यावर बराच वेळ बसून होता. त्यानंतरच्या दोन्ही पाण्याच्या दिवशी तो रात्रपाळी संपवून सरळ बहिणीच्या घरी आला आणि सगळं पाणी त्याने भरलं. शेजारणी दारात उभ्या राहून बघत होत्या. एक म्हणाली, “दामाद से पानी भरवाते?” बहिणीने या वेळी आवाज खाली केला नाही. म्हणाली, “मेरी बच्ची का ऑपरेशन हुआ है.”

आज एकतिसावा दिवस. जखमेचं टोक अजून पूर्ण बुजलेलं नाही, एक दिवसाआड ड्रेसिंग चालू आहे. शनिवारी पुन्हा दाखवायला बोलावलंय. मी शाळेतून दुपारनंतर सुट्टी मागितली आहे. रिक्षावाल्याला सांगून ठेवलंय की खड्डे चुकवत हळू घे, उशीर झाला तरी चालेल, आणि मांडीवर घ्यायला एक उशी बरोबर ठेवली आहे.